मांजर आडवं गेलं तर अपशकुन, मग हे जपानी मांजर शुभ कसं?

प्रश्न: ताई नमस्कार, मी मूळची तेरजवळच्या खेड्यातली, सध्या छत्रपती संभाजीनगरला फाईन आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजोबांपर्यंत घरात कुंभारकाम होतं, बाबांनी सोडलं. फायनलच्या डिस्प्लेसाठी मी ते हात वर केलेलं जपानी मांजर, मानेकी नेको, आपल्या मातीत करायलेय. सर म्हणायलेत याचा आपल्या वारशाशी काय संबंध, आजी म्हणायलीय मांजर आडवं गेलं तरी आपण माघारी फिरतो अन् तू घरात बसवायलीस. वरून तीन मांजरं भट्टीत फुटली. चुकायलंय कुठं?

उत्तर: अगं आधी फुटलेल्या मांजरांचं बोलू, वारसा कुठं पळून जात नाही. मूर्ती आतून पोकळ कर आणि बुडाला भोक ठेव, नाहीतर मातीत उरलेल्या ओलाव्याची वाफ होती आणि ती फोडूनच बाहेर येती. काळी माती नुसती घेऊ नको, वाळताना ती किती आकसती ते एप्रिलमधलं भेगाळलेलं रान बघितलंस की कळंल, त्यात वाळू नाहीतर भाजलेल्या खापराचा चुरा मळ. आणि तो वर केलेला हात! तो बारीक म्हणून आधी वाळतो, धड ओलंच राहतं, मग खांद्यात तडा. हाताला प्लास्टिक गुंडाळ, मूर्ती ओल्या पोत्याखाली सावलीत आठवडाभर राहू दे. माझ्या पहिल्या वर्षीच्या मूर्ती सगळ्या थोट्या झाल्या होत्या, म्हणून सांगायलेय.

आता सरांचं. हे मांजर तिकडंही कुंभाराचंच. एदो म्हणजे आताच्या टोकियोत इमादो भागात साध्या मातीची स्वस्तातली खेळणी व्हायची. गोष्ट अशी सांगतात की एका म्हातारीला गरिबीपायी मांजर सोडावं लागलं, ते स्वप्नात आलं आणि म्हणालं माझी मूर्ती कर. तिनं केली, विकली, नशीब फिरलं. गोतोकुजी देवळाची कथा वेगळी, तिथं मांजरानं सरदाराला हात करून आत बोलावलं आणि लगेच वीज कोसळली. खरी कुठली यात मी पडत नाही, पण हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या 1852 च्या चित्रात या मांजरांचं दुकान दिसतं, एवढं पक्कं. पुढं तोकोनामे गावानं प्लास्टरच्या साच्यात ढिगानं काढली. आणि साचा म्हणशील तर तेरच्या लामतुरे म्युझियममध्ये जा, सातवाहन काळातल्या मूर्ती बघ, दोन साच्यांत दाबून जोडलेल्या, आतून पोकळ! तुझ्या गावाशेजारी हे दोन हजार वर्षांपूर्वी जमत होतं आणि तू भरीव मांजर भाजायलीस.

देणंघेणं तर जुनंच आहे. जपानच्या सात भाग्यदेवतांत बेनझाईतेन म्हणजे आपली सरस्वती, दाईकोकू म्हणजे महाकाल, फक्त तिकडं तो भाताच्या गोण्यांवर हसत उभा असतो. त्यांनी आपले देव घेतले पण जसेच्या तसे ठेवले नाहीत, आणि इथंच मला तुझं काम थोडं खटकतं. नुसतं मांजर काळ्या मातीत केलं तर ती कॉपीच राहणार, सर त्यातच अडकलेत.

त्यातला हात घे. पंजा पुढं, बोटं खाली हलवत बोलावणं, अगदी आपण रस्त्यापलीकडच्या माणसाला करतो तसं (परदेशात जिथं उलटं बोलावतात तिथं विकायला काही मांजरांचा पंजाच फिरवतात). आपल्याकडं असं कोणाला बोलवायची वेळ येते? पावसाला! पाऊस लांबला की मुसळाला बेडूक बांधून, अंगाला लिंबाचा पाला गुंडाळून पोरं धोंडी काढायची, आजीला विचार, ती तासभर सांगंल. मी तुझ्या जागी असते तर हात वर केलेला बेडूक केला असता, पण करायचं तूच ठरव.

प्रश्न: जालन्यात माझं कपड्याचं दुकान आहे, गल्ल्यावर सोनेरी हलत्या हाताचं मांजर ठेवलंय. कोणता हात वर पाहिजे?

उत्तर: दादा, साधारण मानतात की डावा वर असला तर गिऱ्हाईक, उजवा वर असला तर पैसा. तोंड दाराकडं ठेवा आणि बॅटरीचा सेल संपला की तो बदला, हात थांबलेलं मांजर लांबून “आत येऊ नका” म्हणल्यासारखं दिसतं.