वेबसाइट हातात मावली पाहिजे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात आम्ही मोबाइल आणि वेबसाइट या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रे लांब होती, म्हणून आशय तसाच ठेवून ती थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : गुहागरला आमचे चार खोल्यांचे घरगुती निवासस्थान आहे. २०१३ साली ओळखीच्या एका मुलाकडून त्याची वेबसाइट करून घेतली. कॉम्प्युटरवर ती छान दिसते, पण पाहुणे सांगतात की फोनवर अक्षरे मुंगीएवढी दिसतात आणि दोन बोटांनी मोठी करून, इकडून तिकडे सरकवत वाचावी लागतात. सगळी वेबसाइट नव्याने करावी लागेल का? मुलगी म्हणते, त्यापेक्षा ॲपच काढा. (एक वाचक, गुहागर)

उत्तर : सगळी वेबसाइट नव्याने करण्याचे कारण नाही, आणि ॲपची तर मुळीच गरज नाही. असे का होते ते आधी सांगतो. २००७ साली आयफोन आला तेव्हा बहुतेक वेबसाइट कॉम्प्युटरच्या रुंद पडद्यासाठीच बांधलेल्या असत. त्या मोडक्यातोडक्या दिसू नयेत म्हणून आयफोनचा सफारी ब्राउझर आपला पडदा ९८० पिक्सेल (पडदा मोजण्याचे एकक) रुंद आहे असे धरून पान मांडत असे आणि मग ते सगळे आकसून हातातल्या छोट्या पडद्यात बसवत असे. पुढे इतर फोनच्या ब्राउझरांनीही हीच रीत उचलली. ज्या पानाला आकसून घ्यायचे नाही, त्याच्या माथ्यावर ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ लिहावी लागते, पानाची रुंदी या फोनच्या रुंदीइतकीच धर, एवढाच तिचा अर्थ. तुमच्या पानांवर ती ओळ नाही.

मात्र नुसती ती ओळ घातली तर दुसरे दुखणे सुरू होईल. तुमच्या पानाची चौकट ९६० पिक्सेलला खिळवलेली आहे, त्यामुळे पान उजवीकडे पडद्याबाहेर जाईल. दुकानदार फोनचा पडदा १०८० पिक्सेल रुंद असल्याचे सांगतो, पण ब्राउझर असे तीन बारीक ठिपके मिळून एक पिक्सेल मोजतो आणि त्याच्या हिशेबी तो पडदा ३६० पिक्सेलच भरतो. यावरचा उपाय इथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ या नावाने मांडला. रुंदी पिक्सेलऐवजी टक्क्यांत द्यायची, चित्रे चौकटीबरोबर लहान-मोठी होऊ द्यायची आणि पडदा अरुंद असला की शेजारशेजारचे रकाने एकाखाली एक लावायचे, असा तो तिहेरी उपाय आहे. मजकूर आणि छायाचित्रे आहेत तशीच राहतात. बदलतात ते सीएसएसचे, म्हणजे पानाच्या मांडणीचे, नियम. तुमची पाने सहाच आहेत, त्यामुळे जाणकार माणसाला हे काम फार दिवसांचे नाही.

ते काम सुरू असतानाच आणखी दोन गोष्टी करून घ्या, कारण पाहुण्यांच्या दृष्टीने त्या अक्षरांच्या आकाराइतक्याच महत्त्वाच्या आहेत. तुमचा फोन नंबर समुद्राच्या छायाचित्रावर रंगीत अक्षरांत छापलेला आहे. तो चित्राचा भाग असल्याने त्यावर बोट टेकवून फोन लागत नाही. गाडीत बसलेल्या माणसाला तो कागदावर उतरवून घ्यावा लागतो. नंबर साध्या अक्षरांत लिहा आणि त्याला फोन लावण्याची लिंक जोडा. दुसरी गोष्ट आगाऊ रक्कम भरण्याच्या पानाची. तेथे तुम्ही यूपीआयचा क्यूआर कोड लावला आहे. कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस तो फोनने स्कॅन करील, पण ज्याच्या फोनवरच तो कोड उघडला आहे, त्याने स्कॅन कशाने करायचा? बिचारा त्याचा स्क्रीनशॉट काढतो, पैसे भरण्याचे ॲप उघडतो आणि गॅलरीतून ते चित्र शोधून देतो. ज्याला हे जमत नाही, तो दुसरीकडे खोली घेतो. फोनवर कोडाच्या जागी यूपीआयच्या लिंकचे बटण ठेवा. ते दाबले की फोनमधले पैशांचे ॲप तुमच्या नावासह आणि रकमेसह उघडते. सगळ्याच ॲपमध्ये ती लिंक चालेल असे धरून चालू नका, म्हणून शेजारी तुमचा यूपीआय आयडीही कॉपी करता येईल असा लिहून ठेवा.

ॲपबद्दल एवढेच सांगतो. दोन वर्षांतून एकदा येणारा पाहुणा चार खोल्यांसाठी ॲप उतरवून घेणार नाही. शिवाय अँड्रॉइडसाठी आणि आयफोनसाठी ते वेगवेगळे सांभाळावे लागते. तो पैसा चांगल्या छायाचित्रांवर घाला.

प्रश्न : आम्ही दिवाळी अंक काढतो आणि त्यातले निवडक लेख वेबसाइटवर ठेवतो. फोनवर शीर्षकांची शिरोरेषा तुटलेली दिसते, वरच्या मात्रा कापल्या जातात आणि २००५ च्या आधीचे लेख तर निव्वळ इंग्रजी अक्षरांची रास दिसतात. मराठीला फोन मानवत नाही का? (संपादक मंडळातील एक सदस्य, सांगली)

उत्तर : मराठीला फोन उत्तम मानवतो. तुमच्याकडे तीन वेगळे आजार एकाच वेळी झाले आहेत, म्हणून ते एकाच दुखण्यासारखे वाटतात.

शिरोरेषा तुटते ती अक्षरांमधल्या अंतरामुळे. इंग्रजी शीर्षकातली अक्षरे थोडी सुटी केली की ती ऐटदार दिसतात, म्हणून तयार साच्यांमध्ये तसा नियम आधीच लिहिलेला असतो. देवनागरीत अक्षरे एका रेषेला टांगलेली असतात. त्यांच्यात अंतर घातले की रेषेचे तुकडे पडणारच. मराठी मजकुरासाठी ते अंतर शून्य करा, म्हणजे पहिला आजार तिथल्या तिथे बरा होईल.

मात्रा कापल्या जातात त्याचे कारण ओळींची उंची. इंग्रजी अक्षराला वर-खाली जेवढी जागा लागते, त्याहून आपल्या अक्षराला जास्त लागते. ‘सर्वांचे’ हा एकच शब्द पाहा. त्यात व वर काना, रफार आणि अनुस्वार अशी दाटी आहे. ‘उत्कृष्ट’मध्ये ऋकार आणि ष्टचे जोडाक्षर खाली उतरते. अक्षराच्या आकाराच्या १.२ पट उंची ठेवली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो, आणि चौकटीबाहेरचे लपवायचा नियम असेल तर मात्राच नाहीशी होते. मजकुरासाठी १.६ ते १.७ आणि शीर्षकासाठी निदान १.४ एवढी उंची द्या. त्याच हाताने दोन्ही कडा जुळवण्याचा हट्टही सोडा. आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात आणि फोनवर एका ओळीत जेमतेम चार-पाच शब्द मावतात. कडा जुळवल्या की मध्ये भोके पडतात. छापील अंकात शोभणारी मांडणी येथे डोळ्यांना त्रास देते.

जुन्या लेखांचा आजार मात्र खोलवरचा आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःची जागा देणारी पद्धत, रूढ होण्याआधी आपण श्रीलिपी, शिवाजी यांसारखे फॉन्ट वापरत होतो. त्यांत मराठी अक्षराचा आकार इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेला असे. म्हणजे फाइलीत साठवलेले असे इंग्रजी अक्षर आणि डोळ्यांना दिसे मराठी. कॉम्प्युटरवर तो फॉन्ट टाकून घेता येत होता, फोनवर सामान्य वाचकाला ते शक्य नाही. म्हणून त्याला मूळ इंग्रजी अक्षरेच दिसतात. तो मजकूर गूगलच्या शोधातही सापडत नाही. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत आणि ती वापराच. पण रूपांतरानंतर मुद्रितशोधन टाळू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जात असे, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे उलटे आहे. पूर्वी तो अक्षर उमटल्यावर वर ठेवला जाई, आता र आणि हलन्त आधी येतात. त्यामुळे ‘वार्षिक’सारख्या शब्दांत, जेथे दोन्ही एकत्र येतात, तेथे हमखास चुका राहतात. वीस वर्षांचे लेखन आहे, काम कंटाळवाणे आहे, तरी ते केलेच पाहिजे, नाहीतर तुमच्या लेखकांचे ते लेख असून नसल्यासारखे होतील.

एक छोटी गोष्ट आपल्या सर्वांच्या अगत्याची आहे. पानाची भाषा मराठी आहे, हे पानाच्या संहितेत (कोडमध्ये) लिहून ठेवा. ज्या फॉन्टमध्ये तशी सोय असते, तो मग ल आणि श ही अक्षरे आपल्या मराठी वळणाने दाखवतो, हिंदी वळणाने नव्हे. आणि जे दृष्टिहीन वाचक फोनकडून मजकूर वाचून घेतात, त्यांच्या फोनला मराठी आवाज निवडायचा आहे हे कळते.

प्रश्न : मी चौऱ्याहत्तर वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. फोनवर अर्ज भरताना जन्मतारखेपाशीच दमतो, ओटीपी पाहून परत यावे तो भरलेले सगळे पुसलेले असते. माझेच काही चुकते का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही, सर, तुमचे काहीही चुकत नाही. चौऱ्याहत्तर वर्षे म्हणजे ८८८ महिने. जन्मतारखेसाठी आजपासून एकेक महिना मागे जाणारी दिनदर्शिका ठेवणाऱ्याने ज्येष्ठ माणसाला तेवढ्या वेळा बाण दाबायला लावले आहे. तेथे दिवस, महिना, वर्ष अशी आकडे लिहिण्याची तीन साधी घरे असायला हवी होती. तोवर दिनदर्शिकेच्या वरच्या बाजूला दिसणाऱ्या वर्षावर बोट टेकवून पाहा. अनेक फोनवर तेथून वर्षांची यादी उघडते.

ओटीपीचे असे आहे की कमी मेमरीच्या फोनवर तुम्ही मेसेजचे ॲप उघडले की ब्राउझर मागचे पान सोडून देतो आणि परत आल्यावर ते नव्याने उघडतो. म्हणून मेसेजच्या ॲपमध्ये जाऊच नका. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढा, तेथे दिसणाऱ्या सूचनेतच आकडे वाचा आणि बोट वर सारून पानावर या. ज्यांनी अर्ज बनवला, त्यांनी ते घर ओटीपीचे आहे असे संहितेत सांगितले असते, तर फोनने ते आकडे स्वतःच सुचवले असते; आकड्यांच्या घरासाठी अक्षरांऐवजी आकड्यांचा कीबोर्ड उघडणे हेही असेच एका शब्दाचे काम आहे.

बटणे बारीक असतील तर तोही बनवणाऱ्याचाच दोष समजा. वेबच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष ऑक्टोबर २०२३ मध्ये आले, त्यांत स्पर्श करण्याची जागा निदान २४ पिक्सेल असावी असे म्हटले आहे, आणि ॲपलची स्वतःची शिफारस ४४ ची व अँड्रॉइडची ४८ ची आहे. काही पाने दोन बोटांनी मोठी होतच नाहीत, कारण बनवणाऱ्याने ती सोय बंद केलेली असते. अशा वेळी क्रोमच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी या भागात जाऊन झूम सक्तीने चालू करता येते. नातवंडांपैकी कोणाकडून तरी हे एकदा करून घ्या.

प्रश्न : शाळेच्या वेबसाइटवर आम्ही सर्व सूचना पीडीएफमध्ये टाकतो. तरीही पालक फोन करून तेच विचारतात. (एक लिपिक, जळगाव)

उत्तर : ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद असतो आणि फोनचा पडदा साधारण ७० मिलिमीटर. म्हणजे तुम्ही १२ पॉइंटमध्ये टंकलेली सूचना पालकांच्या हातात ४ पॉइंटची होते. सहीशिक्क्याचा कागद स्कॅन करून टाकला असेल तर त्यातला शब्द शोधताही येत नाही. सूचनेचा मजकूर पानावरच अक्षरांत लिहा, त्यात तारीख आणि वेळ पहिल्या ओळीत द्या आणि सहीची प्रत ज्याला हवी त्याच्यासाठी पीडीएफ खाली जोडा.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते आणि मेळघाटातल्या एका बचत गटाच्या मधाची व बांबूच्या वस्तूंची वेबसाइट करते आहे. माझ्या लॅपटॉपवर ती झटकन उघडते, गावात मात्र उघडतच नाही. चाचणीसाठी १२० हर्ट्झचा चांगला फोन घेऊ का? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : तो फोन घेऊ नका. १२० हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला १२० वेळा नवे चित्र दाखवतो. त्याने पान सरकवताना गुळगुळीत वाटते, पण ते लवकर येत नाही. तुम्हाला हवा आहे तो गटातल्या ताईंकडे आहे तसा, तीन-चार वर्षे वापरलेला स्वस्त फोन. लॅपटॉपवरच्या ब्राउझरमध्ये मोबाइलसारखा अरुंद पडदा करून पाहता येतो, परंतु त्यामागे प्रोसेसर लॅपटॉपचा आणि सहसा इंटरनेट महाविद्यालयाचे असते, म्हणून तो तुम्हाला फसवतो.

तुमचे पान मी तपासले. मधाच्या बाटलीचे छायाचित्र फोनच्या कॅमेऱ्यातून निघाले तसेच, ४००० पिक्सेल रुंद चढवले आहे आणि ते एकटेच साडेचार एमबीचे आहे. पडद्यावर त्याला ३६० पिक्सेलची जागा मिळते. बारीक ठिपक्यांचा हिशेब धरला तरी १०८० पिक्सेल पुरतात, आणि वेबपी या कमी जागा घेणाऱ्या चित्रस्वरूपात ते बहुधा दीडशे केबीच्या आत बसेल. अशी चौदा चित्रे आहेत; वरची दोन सोडून बाकीची वाचक खाली येईल तशी उघडू द्या. प्रत्येक चित्राची रुंदी आणि उंची संहितेत लिहा, म्हणजे चित्र उशिरा आले तरी त्याची जागा राखलेली राहील आणि ‘मागणी नोंदवा’ हे बटण बोटाखालून निसटणार नाही. मराठी फॉन्टच्या फाइली जोडाक्षरांमुळे जड असतात. तुम्ही सहा जाडीचे फॉन्ट मागवले आहेत, दोन पुरेत.

पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, बोट टेकवल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, असे गूगलचे माप आहे, आणि गूगल आता वेबसाइटची नोंद घेताना तिचे मोबाइलवरचे रूपच पाहते. ते माप तुम्ही अमरावतीत बसून गाठू नका. चित्रे लहान केलीत की पुढच्या वेळी गावात जाल तेव्हा ताईंच्या फोनवर, त्यांच्याच सिमवर, दुपारच्या उन्हात अंगणात उभे राहून पान उघडा आणि मोजा. फिकट राखाडी अक्षरे उन्हात दिसतात का, तेही तेव्हाच कळेल. माझ्या अंदाजाने दिसणार नाहीत, ती आताच काळी करून ठेवा.