मसुरीच्या वरणावर दिलेले वतन

«आदरणीय ताई, प्रभू येशूच्या नावात सलाम. मी 38 वर्षांचा असून पुण्यात एका खासगी कंपनीच्या विक्री विभागात काम करतो. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, आजोबा मिशनच्या शाळेत शिक्षक होते आणि वडिलांनी आमच्या मंडळीत 26 वर्षे दर रविवारी सकाळी मुलांची शब्बाथशाळा चालवली. मागच्या पावसाळ्यात वडील प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. तो वर्ग आता मी घ्यावा, असे पाळकसाहेबांनी सांगितले आहे. त्याच सुमारास मला बढती देऊ करण्यात आली. पगार जवळजवळ दीडपट होईल, मात्र शनिवार-रविवार पूर्ण दिवस कामावर राहावे लागेल आणि सुट्टी मंगळवारी मिळेल. घराचा हप्ता आताच्या पगारातही भागतो. पण मोठी गाडी घेण्याची मला फार इच्छा आहे, कारण माझ्या बरोबरीच्या सगळ्यांकडे ती आहे. पत्नी बढती घ्या म्हणते, आई काहीच बोलत नाही. वर्ग कुणीतरी घेईलच, ही संधी मात्र पुन्हा येणार नाही. वडिलांची खडूंची पत्र्याची पेटी कपाटावर तशीच आहे. तिच्याकडे पाहिले की मला एसाव आठवतो. मी चुकतो आहे का?»

प्रिय बंधू, सलाम.

एसावाचे नाव तुम्ही स्वतःच घेतले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. पवित्र शास्त्राच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकातला, पंचविसाव्या अध्यायातला तो प्रसंग आपण शब्बाथशाळेत इतक्या वेळा ऐकलेला असतो की तो पुन्हा सावकाश वाचायचे राहूनच जाते. इसहाकाचा थोरला मुलगा एसाव रानातून थकून येतो, धाकट्या याकोबाने मसुरीचे वरण शिजवलेले असते आणि एसाव त्या पदार्थाचे नावसुद्धा न घेता ‘ते तांबडे, ते तांबडे’ मला खाऊ घाल म्हणतो. भूक लागलेल्या माणसाला रंगापलीकडे काही दिसत नाही, हे शास्त्राने किती नेमके टिपले आहे! वरणाच्या बदल्यात ज्येष्ठत्वाचा हक्क मागून याकोब भावाच्या भुकेचा सौदा करतो, त्यामुळे तोही या प्रसंगात निर्दोष नाही. पण एसावाचे उत्तर पाहा. मी तर मरायला टेकलो आहे, मला ज्येष्ठत्वाच्या हक्काचा काय उपयोग, असे तो म्हणतो. बंधू, तो मरायला टेकलेला नव्हता. तो आपल्या बापाच्या तंबूपाशी उभा होता, त्या घरात गुरेढोरे होती, नोकरचाकर होते, आणि आणखी घटकाभर थांबला असता तर त्याच्या आईने, रिबकेने, त्याला जेवू घातले असते. भूक खरी होती, मरण मात्र भुकेने रचलेले होते. ‘ही संधी पुन्हा येणार नाही’ हे तुमच्या पत्रातले वाक्य मी दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा मला त्यात एसावाचाच आवाज ऐकू आला.

त्यानंतरचे वचन मला सर्वांत अधिक हलवते. तो जेवला, प्याला, उठला आणि चालता झाला. चार क्रियापदांत सगळे संपते. दुःख नाही, विचार नाही, मागे वळून पाहणे नाही, आणि त्याने आपला हक्क तुच्छ मानला, असा निवाडा शास्त्र तिथेच देते. म्हणजे एसावाचा दोष भूक लागण्यात नव्हता आणि जेवण्यातही नव्हता; ज्याची किंमत होऊ शकत नाही त्याची किंमत एक वाटी वरण इतकी ठरवली गेली आणि ती त्याला पटली, हा तो दोष होता. पुढे थोरल्याला मिळणारा बापाचा आशीर्वादही हातचा गेल्यावर तो हंबरडा फोडून रडला, आणि इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात त्या अश्रूंची आठवण सावधगिरीची सूचना म्हणून दिली आहे.

एक गोष्ट आपल्या प्रवचनांतून बहुधा सुटते. एसाव पुढे भिकेला लागला नाही. उत्पत्तीच्याच तेहेतिसाव्या अध्यायात तो 400 माणसे घेऊन याकोबाला भेटायला येतो, धावत जाऊन त्याला मिठी मारतो आणि माझ्याजवळ पुष्कळ आहे, असे मोठ्या मनाने सांगून भावाने देऊ केलेली भेटवस्तू आधी नाकारतो. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण बढती घेतली तर देव तुमचे वाटोळे करील, असली भीती मला तुम्हाला घालायची नाही. कदाचित तुमची भरभराटच होईल. एसावाकडे सगळे होते. फक्त देवाने त्याच्या आजोबांना, अब्राहामाला, दिलेले वचन त्याच्या घरातून पुढे गेले नाही.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात या वारशासाठी ‘वतन’ हा शब्द आला आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो, कारण महाराष्ट्रात वतन म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. वतनासाठी इथे पिढ्यानपिढ्या भांडणे झाली, माणसे उठून गेली. शास्त्रातल्या नाबोथाने इस्राएलच्या अहाब राजाला आपला द्राक्षमळा दिला नाही, याचे कारण त्याने एवढेच सांगितले की हे माझ्या वाडवडिलांचे वतन आहे. राजा अधिक चांगला मळा किंवा रोख पैसे द्यायला तयार होता, तरीही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर नगर जिल्ह्यातल्या आपल्या पुष्कळ वाडवडिलांच्या वाट्याला आलेले वतन म्हणजे गावकीची राबणूक होती, जी कायद्याने संपायला 1958 साल उजाडावे लागले. अशा माणसांना पेत्राच्या पहिल्या पत्रातले ते अविनाशी, निर्मळ, कधीही न कोमेजणारे वतन वाचून दाखवले गेले तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याचा विचार करा. जमिनीचा तुकडा नसलेल्या, देवळाच्या पायरीवर उभे राहू न दिल्या गेलेल्या माणसाला कुणी तरी सांगितले की तू वारस आहेस. तुमच्या पणजोबांनी ते ऐकले आणि त्यासाठी भाऊबंद, पाणवठा, गावाशी असलेला व्यवहार यांतले काय काय गमावले, हे तुमच्या आईंना अजून ठाऊक असेल. त्यांना एकदा विचारा.

हे वतन आपल्यापर्यंत आपोआप आलेले नाही. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर, आप्त आणि काही वर्षे पत्नीच्या सहवासालाही त्यांना मुकावे लागले. त्यांची भजने आज आपण पेटीवर सहज म्हणतो. पंडिता रमाबाईंनी केडगावला इब्री आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्राचे भाषांतर केले. 1921 साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी त्यांनी ते काम सोडले नाही, आणि 1922 साली स्वतः जाण्यापूर्वी ते पुरे केले. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच त्याचे छपाईचे खिळे जुळवले आणि ते छापले.

आता माझी एक गोष्ट सांगते, जी सांगताना मला अजूनही जड जाते. माझे आजोबा खेड्यापाड्यांतून ख्रिस्ती कीर्तने करत. त्यांच्या सात वह्या आमच्याकडे होत्या. निळ्या शाईत लिहिलेली आख्याने, समासात टाळ कुठे थांबवायचा याच्या लाल खुणा, आणि प्रत्येक वहीच्या शेवटी ज्या गावी कीर्तन झाले त्याचे नाव. घर बदलताना सामान कमी करायचे म्हणून मी त्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीत दिल्या. नव्या घरात एका कपाटाची जागा मोकळी व्हावी, एवढीच माझी त्या दिवशीची इच्छा होती. दोन वर्षांनी माझ्या मुलीने पणजोबा काय गात असत असे विचारले, तेव्हा मला एका आख्यानाचे धृपदसुद्धा पुरे आठवले नाही. ते कपाट अजून आहे. त्यात जादा चादरी असतात. म्हणून तुमच्या पत्रातली ती खडूंची पेटी वाचल्यावर मी तुम्हाला लगेच उत्तर लिहायला बसले.

रविवारी काम करणे हेच पाप, असे मी म्हणणार नाही. शब्बाथ माणसासाठी झाला, हे प्रभूचे बोल आहेत, आणि मिशनच्या रुग्णालयांतून किती परिचारिकांनी वर्षानुवर्षे रविवारची पाळी करूनही विश्वास जपला. तुमच्या घरी औषधपाण्याची अडचण असती, मुलांच्या फीचा प्रश्न असता, तर मी तुम्हाला बढती घ्या आणि मंगळवारी संध्याकाळी घरी प्रार्थनासभा ठेवा, असे सांगितले असते. पण हप्ता भागतो, असे तुम्हीच प्रामाणिकपणे लिहिले आहे. उरते ती गाडी, आणि गाडीपेक्षाही बरोबरीच्यांच्या नजरेत उतरू नये ही इच्छा. म्हणून माझे स्पष्ट मत असे की या अटींवर ही बढती घेऊ नका.

साहेबांना मात्र तोंडी नकार देऊन मोकळे होऊ नका. रविवारी दुपारी एकनंतर हजर राहण्याची तयारी आहे, सकाळ मोकळी हवी आहे, असे लेखी विचारा. विक्रीच्या कामात अशी पाळी पुष्कळदा जुळवून देता येते आणि विचारण्यात काहीच जात नाही. नाही म्हणाले तर ते उत्तर मिळाल्यावर जड वाटेल, काही महिने वाटत राहील. सहकाऱ्याची नवी गाडी फाटकातून आत येताना पाहाल तेव्हा अधिकच वाटेल. तेव्हा मन मारले म्हणून स्वतःला संत समजू नका आणि पत्नीवर राग काढू नका. घरखर्चाचा ताळमेळ त्या रोज घालतात, म्हणून त्यांना पगाराचा आकडा आधी दिसतो, यात त्यांची चूक नाही. त्यांना सोबत घेऊन बसा, हे पत्र वाचायला द्या आणि त्यांना काय वाटते ते पूर्ण ऐकून घ्या. जी गोष्ट एकट्याने ठरवून घरावर लादली जाते, ती तुमच्या मुलांपर्यंत वारसा म्हणून पोहोचत नाही.

‘वर्ग कुणीतरी घेईलच’ याविषयी एवढेच लिहिते की तो कुणीतरी घेईल हे खरे आहे, देवाचे काम कुणावाचून अडत नाही. मात्र तुमच्या मुलांनी आपल्या बापाला आजोबांच्या जागी उभे राहिलेले पाहायचे की नाही, हे दुसऱ्या कुणाला ठरवता येणार नाही.

या आठवड्यात ती पेटी खाली काढा. आत हजेरीची वही असेल, तर पहिल्या रविवारी वर्गात जाण्याआधी ती आईंच्या हातात द्या आणि कोणते मूल कुणाचे, हे त्यांना विचारून घ्या. 26 वर्षे दर शनिवारी रात्री ती नावे त्या घरात घेतली गेली असतील. त्या बोलू लागतील.

तुमची,
ताई