लाकडी विमानाला कापड चढवण्यापूर्वी

अमेरिकेत गॅरेजमध्ये लाकडी विमान बांधणारे मराठी वाचक अधूनमधून लिहितात. यावेळी बहुतेक प्रश्न फ्यूजलाजवर, म्हणजे विमानाच्या धडावर, कापड चढवण्याचे आणि रंगाचे आहेत.

कापड ताणायला घरातली इस्त्री चालेल?

चालेल, पण तिच्या डायलवर विसंबू नका. थर्मामीटर लावून खुणा करून घ्या. पॉली-फायबर या कापड चढवण्याच्या एका पद्धतीत 250, 300 आणि शेवटी 350 अंश फॅरनहाइट असे टप्पे आहेत. दुसरी पद्धत असेल तर तिचं मॅन्युअल पाहा. हीट गन वापरू नका.

प्लायवुडवर कापड कशाला? नुसता रंग दिला तर?

वरच्या पापुद्र्याला बारीक चिरा पडतात आणि त्यातून पाणी शिरतं. हलकं पॉलिएस्टर किंवा पातळ फायबरग्लास लावा. कोणतं, ते विमानाचे नकाशे देणाऱ्याला विचारा.

एका अनुभवी मित्राने सांगितलं, आतून वॉर्निश देऊ नको, लाकडाला श्वास घ्यावा लागतो. शिवाय वजन वाचतं. खरं का?

हा श्वास मी कितीदा ऐकलाय! झाड श्वास घेत असेल. तुमचा स्प्रूस लाकडाचा लाँजरॉन, म्हणजे धडाची लांब दांडी, कधीच मेलाय. त्याला फक्त कोरडं राहायचंय. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरते, आणि बाहेरून चकचकीत रंगाखाली ती दिसत नाही. हँगर रात्री गार, दिवसा गरम. आत दव धरतं. म्हणून आतून दोन भागांच्या इपॉक्सी वॉर्निशचे दोन हात द्या. साधं वॉर्निश नको, कापड चिकटवायच्या सिमेंटमधला सॉल्व्हंट ते उचलून काढतो. लाकडाची कापलेली टोकं सर्वांत जास्त पाणी पितात, तिथे आणखी एक हात. जिथे पुढे सरस लागणार तिथे मात्र आधी टेप लावा. वॉर्निशवर सरस धरत नाही.

आणि निचऱ्याची भोकं! टेलड्रॅगर, म्हणजे शेपटीखाली चाक असलेलं विमान, जमिनीवर शेपटी टेकून उभं असतं, तेव्हा प्रत्येक कप्प्यात पाणी मागच्या बल्कहेडपाशी (कप्प्याच्या आडव्या भिंतीपाशी) साचतं. भोक तिथे हवं, कप्प्याच्या मधोमध नव्हे. भोकाची कडही वॉर्निशने बंद करा. पुढे कापड आणि रंग लावताना ही भोकं बुजतात, ती पुन्हा उघडा.

वजन वाचवायचंच तर पुट्टीत आणि रंगात वाचवा. शेपटीकडचे जादा थर गुरुत्वमध्य मागे ओढतात. रंग झाल्यावर विमान पुन्हा तोला आणि ते आकडे जाणकाराकडून तपासून घ्या.

रंगाखालचा, ऊन अडवणारा चंदेरी थर टाळला तर? दुकानदार म्हणतो, त्याच्या रंगातच ऊन अडवणारं द्रव्य आहे.

दुकानदाराला रंग विकायचा आहे. पॉलिएस्टर उन्हाने दुबळं होतं. काम ज्या पद्धतीने सुरू केलंत, तिचेच सगळे थर, तिच्याच क्रमाने द्या. एकाचं कापड आणि दुसऱ्याचा रंग अशी सरमिसळ नको. ज्या भागात नुसतं कापड आहे तिथे अंधारात आतून बल्ब लावून बघा. उजेड झिरपला तर थर कमी पडलाय.

गडद निळा रंग?

पांढरा. गडद रंगाखालचं प्लायवुड उन्हात फार तापतं आणि तापलेला इपॉक्सी सरस नरम पडतो. तुमचा सरस किती उष्णता सोसतो, ते बनवणाऱ्यालाच विचारा.

तपासणीला माणूस मिळायला वेळ लागतोय. तोवर कापड चढवून घेऊ?

अजिबात नाही. झाकलेला सांधा कोण तपासणार? ईएए या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या अमेरिकन संघटनेचे टेक्निकल काउन्सेलर स्वयंसेवक आहेत, येऊन पाहतात. ब्रिटनमध्ये असाल तर एलएए या तिथल्या हलक्या विमानांच्या संघटनेच्या इन्स्पेक्टरची सही आधी लागते. याच आठवड्यात फोन करा, आणि तोपर्यंत कापडाची गुंडाळी सोडू नका.