नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या वरच्या भागात द्राक्षबागांवर फवारणी होते. ती औषधं पाण्यात आली, तर तुरटी-क्लोरिनने जातात का?

फारशी नाही. तुरटी फिरवलेला हंडा आठवा: गढूळपणाचे गोळे होऊन तळाशी बसतात, वर नितळ पाणी राहतं. मातीला चिकटलेली औषधं त्या गाळाबरोबर जातात, पण विरघळलेली त्या नितळ पाण्यातच असतात. क्लोरिनचं मुख्य काम जंतू मारणं. उलट पाण्यात कुजलेल्या पाल्याचा अंश असेल तर त्याच्याशी क्लोरिनची क्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगं तयार होतात. भारतीय मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला 0.2 मिलिग्रॅम आहे. म्हणून आधी गाळ नीट काढायचा, मग क्लोरिन.

खरा उपाय सक्रिय कोळसा. एक ग्रॅम कोळशातल्या बारीक छिद्रांचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरतं आणि बरीच कीटकनाशकं तिथेच चिकटून बसतात. मात्र जागा भरली की कोळसा संपला. घरच्या फिल्टरमधला कोळसा पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून वर्षानुवर्षं तसाच ठेवू नका, कृपा करून. मोठ्या केंद्रात कोळशाआधी ओझोन वायू वापरला, तर औषधांचे मोठे रेणू तुटतात.

पाणी उकळून जंतू मरतात, पण बहुतेक कीटकनाशकं तशीच राहतात.