काटा खाली आला म्हणजे गाडी थंड झाली असं नसतं

प्रश्न : काका, आमची ९ वर्षं जुनी पेट्रोल गाडी आहे, ८२ हजार किलोमीटर झालेत. गेल्या महिन्यात चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात टेंपरेचरचा काटा लाल रेघेला लागला. बाजूला घेतली, दहा मिनिटं थांबलो, परत चालू केली तर काटा पार खाली. सासरे म्हणाले थंड झाली आता, चला. हेळवाकच्या अलीकडे पिकअप गेला नि गाडी बंदच पडली. तिथे मेकॅनिकने वॉटर पंप गेलाय म्हणून नवीन पंप नि बेल्ट टाकून दिला. आता खाली थेंब दिसत नाही पण दर दोन दिवसांनी अर्धा-पाऊण लिटर पाणी कमी होतं, सकाळी पहिला मिनिटभर गाडी मिसिंग मारते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. एक गॅरेजवाला म्हणतो हाफ इंजिन (म्हणजे इंजिन अर्धं उघडून पिस्टन-रिंगांचं काम) करावं लागेल, दुसरा म्हणतो रेडिएटरमध्ये लिकेजची पावडर टाका, बसून जाईल. कुणाचं ऐकू? – चिपळूण

उत्तर : ताई, तूर्त दोघांचंही नको, आणि आधी गाडी चालवणं थांबवा, उद्या मुलांना शाळेत सोडायलाही काढू नका. कारण खाली सांगतो.

सासऱ्यांना बोल लावू नका, काट्याने भलेभले फसतात. तो काटा इंजिनचं लोखंड किती तापलंय ते सांगत नाही, सेन्सरभोवती जे पाणी असतं त्याचं तापमान सांगतो. तुमचं पाणी तोपर्यंत पंपातून गळून आणि वाफ होऊन निघून गेलेलं, सेन्सर कोरडा पडला म्हणून काटा खाली. आत हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, मात्र भाजत होतं. म्हणजे खरं नुकसान पंप गेला तेव्हा झालेलं नाही, नंतरच्या त्या काही किलोमीटरमध्ये झालंय. (हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत काटाच नसतो, नुसता लाल दिवा, त्याबद्दल मी काय बोलू!)

आता तुमची लक्षणं. रात्री गाडी उभी असताना सिस्टिममध्ये जे प्रेशर उरलेलं असतं त्याने पाणी हेड गॅसकेटमधून (हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) हळूहळू एका सिलिंडरमध्ये झिरपतं, सकाळी तो प्लग ओला, म्हणून मिसिंग, आणि ते पाणी वाफ होऊन बाहेर पडलं की पांढरा धूर. थंडीत सगळ्याच गाड्यांना थोडी वाफ दिसते, पण तुमच्या धुराला गोडसर वास येत असेल तर तो कूलंटचाच. गाडी थांबवा म्हटलं ते यासाठी की पाणी दाबलं जात नाही, एखाद्या सकाळी जास्त साचलं नि स्टार्टर मारला तर पिस्टनचा दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकतो, मग हाफ इंजिनवरही भागणार नाही.

पावडर अजिबात नको. ती गळतीचं भोक शोधत बसत नाही, जिथे अरुंद जागा मिळेल तिथे बसते, म्हणजे रेडिएटरच्या नळ्या नि हीटरची जाळी.

हेड उतरवायच्या आधी मेकॅनिककडून तीन गोष्टी स्वतः उभं राहून करून घ्या. सगळे प्लग काढा, ज्या सिलिंडरमध्ये पाणी जातं तिथला प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. मग थंड इंजिनवर रेडिएटरला हातपंपाने कॅपवर लिहिलेल्या प्रेशरइतकी हवा भरून पंधरा मिनिटं तसंच सोडा, बाहेर गळती नाही आणि तरी गेजचा काटा उतरतोय म्हणजे आत जातंय. तिसरी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर मधलं गॅसकेट गेलं. एखादाच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत बघायचं, आकडा चांगला वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, आणि तेव्हाच हाफ इंजिनचा विषय काढायचा. हे काही न करता कुणी हाफ इंजिन म्हणत असेल तर तो अंदाजाने बोलतोय.

माझ्या मते तुमचं काम हेडवर भागेल. पण हेडचं काम म्हणजे नवीन गॅसकेट टाकून बोल्ट कसणं नव्हे, आणि इथेच बहुतेक ठिकाणी घाई होते. हेड ॲल्युमिनियमचं, ते तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यात बोल्टांनी आवळून धरलेलं, मग वाकणार नाही तर काय. उतरवलं की त्यावर स्टीलची सरळ पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही तिरक्या रेषेत ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघायचं. बऱ्याच गाड्यांना ०.०५ मिलिमीटरची मर्यादा असते, म्हणजे आपल्या केसाहूनही बारीक, त्यामुळे नुसतं नजरेने बघून 'सरळ आहे हो' म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. वाकलेलं निघालं तर मशीन शॉपमध्ये फेसिंग, म्हणजे खालची बाजू घासून सपाट करणं, पण त्याच्या आधी क्रॅकची टेस्ट. पाण्याच्या वाटा बंद करून आत हवा भरतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात, बुडबुडा आला की चीर तिथे. वाल्व सीटच्या मधल्या पट्टीत चिरा जास्त सापडतात. चीर असलेल्या हेडला फेस मारून घेणं म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः.

एक गोष्ट फार कमी जण बघतात. हेड वाकलं की खालची बाजू तर वाकतेच, वर कॅमशाफ्ट (वाल्व उघडणारा दांडा) जिथे बसते ती लाइनही वाकते. फेसिंगने खालची बाजू सरळ होते, वरची तशीच राहते. म्हणून जोडण्याआधी रिकाम्या हेडवर नुसती कॅमशाफ्ट ठेवून कॅप कसायला लावा आणि हाताने फिरवून बघा, अडकत फिरली तर ते हेड घ्यायचं नाही. माझ्याकडे एक गाडी अशीच आलेली, दोनदा गॅसकेट बदलून झालं होतं, हेड आरशासारखं सरळ, आणि कॅमशाफ्ट हाताने अर्धा वेढासुद्धा जाईना.

जुनं गॅसकेट ब्लॉकवरून काढताना ग्राइंडरची खरखरीत चकती लावू देऊ नका, चकतीची पूड ऑइलमध्ये जाऊन बेअरिंगं खाते. बोल्टांची भोकं हवेने कोरडी करायची, तळाशी पाणी राहिलं तर बोल्ट कसताना ब्लॉक तडकू शकतो. आणि तुमच्या इंजिनचे बोल्ट ठरावीक जोराने (टॉर्क) कसून मग अंशात फिरवायचे असतील तर ते ताणले जाणारे असतात, नवेच घ्या. ऑइल आणि फिल्टर बदला, आत्ता काढलेलं ऑइल स्वच्छ दिसत असलं तरी.

पंप बसवलाच आहे तर जुना मागून घ्या, दिला तर. पंपाच्या अंगावर एक बारीक भोक असतं, सील गेलं की पाणी आधी तिथून गळतं आणि वाळून पांढरा किंवा रंगीत ओघळ दिसतो. तो जुना ओघळ असेल तर पंप महिनोन्‌महिने सांगत होता, आपण बॉनेट उघडलं नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारा वाल्व) नि रेडिएटर कॅप मात्र सोबतच बदला, स्वस्त असतात.

पाणी भरताना गाडीचं तोंड चढावर, हीटर फुल गरमवर, कॅप उघडी ठेवून इंजिन चालू आणि वरचा होस हाताने दाबत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. आत हवा राहिली की गाडी परत तापते नि दोष बिचाऱ्या नव्या पंपावर येतो.

प्रश्न : उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून मेकॅनिकने थर्मोस्टॅटच काढून टाकला. तापणं कमी झालं पण ॲव्हरेज पडलं आणि ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसते. माझंही गॅसकेट गेलं का? – सोलापूर

उत्तर : पाणी कमी होत नसेल तर बहुतेक नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशाला उघडतो, तोच नसला की इंजिन गरमच होत नाही, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे म्हणून तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ऑइलही पुरेसं तापत नाही, त्यातली ओल उडत नाही, तीच साय झाकणाखाली. नवीन थर्मोस्टॅट बसवा, मग गाडी का तापत होती ते शोधा. सोलापूरकडे बोअरचं पाणी घातलेलं असेल तर रेडिएटर क्षाराने भरलेला निघाला तर नवल नाही, तो साफ होत नसेल तर बदला आणि पुढे तयार कूलंट नाहीतर डिस्टिल्ड पाणी.