आईचा जुना नकार, एजंटचा चुकीचा फॉर्म आणि मार्चमधली ड्यू डेट

प्रश्न : मी आणि माझे पती दोघेही एच-१बी व्हिसावर डॅलसला राहतो. मला चौथा महिना संपत आलाय, ड्यू डेट मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. पहिलंच बाळंतपण, त्यामुळे आई-बाबा इथे असावेत अशी फार इच्छा आहे. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, त्यांना पेन्शन आहे. सांगली जिल्ह्यात घर आणि थोडी शेती आहे. आजी, भाऊ-वहिनी सगळे एकत्रच राहतात. २०२३ मध्ये आईने एकटीने अर्ज केला होता, तेव्हा मुंबईत दोन-तीन प्रश्न विचारून व्हिसा नाकारला. या वेळी एजंटने दोघांचे फॉर्म भरले. आईच्या फॉर्ममध्ये ‘पूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का’ या प्रश्नाला त्याने ‘नाही’ लिहिलंय, हे मला काल कळलं. प्रवासाचं कारण ‘पर्यटन’ टाकलंय आणि मुलाखतीत बाळाचा विषय काढूच नका, असं बजावलंय. मुलाखत जानेवारीच्या अखेरीस आहे. ती लवकर मिळेल का? आणि आम्ही इथून कोणती कागदपत्रं पाठवावीत?

उत्तर : तुम्ही शेवटी विचारलेल्या दोन्ही प्रश्नांपेक्षा तुम्हाला काल कळलेली गोष्ट जास्त गंभीर आहे, म्हणून आधी तीच घेते.

आईच्या डीएस-१६० या व्हिसा-अर्जाच्या फॉर्ममधलं ते ‘नाही’ आजच्या आज बदलायला हवं. २०२३ चा नकार अमेरिकी वकिलातीच्या नोंदीत आहे. आईंचं नाव, पासपोर्ट आणि बोटांचे ठसे समोर आले की अधिकाऱ्याला तो पडद्यावर दिसणारच आहे. म्हणजे लपवून फायदा काहीच नाही, आणि धोका मात्र फार मोठा आहे. साधा नकार आणि खोटी माहिती या कायद्याच्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. साधा नकार मिळालेला माणूस पुन्हा अर्ज करू शकतो. पण व्हिसासाठी जाणूनबुजून महत्त्वाची माहिती खोटी दिली असं ठरलं, तर अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याखाली त्या व्यक्तीवर कायमची प्रवेशबंदी लागू शकते. त्यातून सूट मागता येते, पण ते काम वेळखाऊ आहे आणि हमी कशाचीच नाही. एजंटच्या एका शब्दासाठी आईंना नातवंडाच्या घरी जायची वाट कायमची बंद होऊ शकते.

‘फॉर्म एजंटने भरला, आम्हाला माहीत नव्हतं’ हे उत्तर कालपर्यंत खरं होतं. आता तुम्हाला कळलं आहे, आणि तुम्ही सांगाल तेव्हा आईंनाही कळेल. त्या फॉर्मवर इलेक्ट्रॉनिक सही अर्जदाराची असते, माहितीची जबाबदारीही त्याचीच. फॉर्म भरायला कोणी मदत केली का, असाही प्रश्न त्यात आहे. तिथे एजंटचं नाव आलं आहे का, तेही बघून घ्या.

दिलासा एवढाच की अजून वेळ गेलेली नाही. अधिकाऱ्याने चूक पकडण्याआधी, पहिल्याच संधीला, स्वतःहून खरी माहिती दिली तर ती दुरुस्ती ग्राह्य धरली जाते. त्यासाठी आईंच्या नावाने नवा डीएस-१६० भरा. पूर्वीच्या नकाराच्या प्रश्नाला ‘हो’ लिहा आणि खालच्या जागेत एक-दोन ओळींत खुलासा द्या : २०२३, मुंबई, अभ्यागत व्हिसा, कलम २१४(बी) (नकाराच्या चिठ्ठीवर असतं ते कलम; त्याचा अर्थ पुढे सांगते). नव्या फॉर्मचा कन्फर्मेशन नंबर अपॉइंटमेंटच्या प्रोफाइलमध्ये बदलून घ्या, कारण नंबर जुळला नाही तर दारातून परत पाठवू शकतात. फी पुन्हा भरावी लागत नाही. प्रोफाइलचा पासवर्ड एजंटकडे असेल तर तो आधी स्वतःच्या ताब्यात घ्या. मुलाखतीत विषय निघाला तर आईंनी सरळ सांगावं की आधीच्या फॉर्ममध्ये चूक झाली होती, लक्षात आल्यावर आम्ही नवा भरला.

नवा फॉर्म भरताना बाकीच्या रकान्यांवरूनही नजर फिरवा, बाबांच्या फॉर्ममध्येसुद्धा. ‘पर्यटन’ या शब्दाने घाबरू नका. बी-२ हा अभ्यागत व्हिसाचा प्रकारच पर्यटन, नातेवाइकांची भेट आणि उपचार यांसाठी आहे आणि मुलीला भेटायला जाणं त्यातच बसतं. तेवढा पर्याय बरोबर आहे. पण राहण्याचा पत्ता हॉटेलचा दिला आहे का? संपर्क म्हणून तुमचं नाव आहे का? अमेरिकेत जवळचे नातेवाईक आहेत का, या प्रश्नाला तुमचं नाव आणि तुमचा व्हिसाप्रकार लिहिला आहे का? खर्च कोण करणार, तिथे खरं उत्तर आहे का? तुम्ही करणार असाल तर तसंच लिहा. मागच्या ५ वर्षांतली सोशल मीडिया खातीही विचारलेली असतात. बाबांचं फेसबुक असेल तर ते राहून जाऊ नये.

आता बाळाचा विषय. एजंटचा सल्ला फक्त अप्रामाणिक नाही, तो तुमची बाजूच कमकुवत करतो. सांगलीकडचं एक निवृत्त जोडपं मुलगी तिथे असताना कडाक्याच्या फेब्रुवारीत चार महिने अमेरिका बघायला निघालं आहे, हे ऐकून कोणाच्याही मनात शंका येईल. तेच जोडपं मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला निघालं आहे, हे ऐकल्यावर प्रवासाचं कारण, वेळ आणि मुदत या तिन्हींचा उलगडा एका वाक्यात होतो. मला वाटतं, तुमच्या अर्जातली सगळ्यात पटण्याजोगी गोष्ट हीच आहे.

एजंटच्या डोक्यात बहुधा २०२० चा नियम असावा. मुलाला अमेरिकी नागरिकत्व मिळावं म्हणून तिथे जाऊन बाळंत होण्यासाठी अभ्यागत व्हिसा मागणाऱ्यांना त्या वर्षी जानेवारीत मनाई झाली. तो नियम गरोदर अर्जदाराच्या स्वतःच्या प्रवासाबद्दल आहे. तिथे कायदेशीरपणे राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मुलीच्या आई-वडिलांना तो लागू होत नाही.

काळजीपूर्वक विचार करायचा तो वेगळ्याच मुद्द्याचा. बी-२ वर काम करता येत नाही. बाळंतपणात आईने मुलीजवळ असणं, तिला आधार देणं ही कौटुंबिक भेट आहे. पण रजा संपल्यावर मुलगी-जावई ऑफिसला जाणार आणि आजी-आजोबा पाळणाघराच्या जागी महिनोन्‌महिने घर सांभाळणार, असं चित्र अधिकाऱ्याला दिसलं तर तो व्हिसा नाकारू शकतो. ‘बाळ सांभाळायला चाललोय’ हे वाक्य आपल्याकडे प्रेमाने, सहज तोंडात येतं. खिडकीपलीकडच्या माणसाला त्यात बिनपगारी नोकरी दिसण्याची शक्यता असते. यावर उपाय वाक्य बदलण्याचा नाही, बेत पक्का करण्याचा आहे.

तुम्ही दोघं मिळून आधी ठरवा : तुमची रजा कधी संपते, त्यानंतर बाळ कुठे असेल? अमेरिकेच्या १९९३ च्या कौटुंबिक व वैद्यकीय रजा कायद्याखाली, कंपनीत ५० किंवा जास्त कर्मचारी असतील आणि तुमची नोकरी १२ महिन्यांची व १,२५० तासांची झाली असेल, तर १२ आठवड्यांची बिनपगारी पण नोकरी शाबूत ठेवणारी रजा मिळते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून मोजलं तर ती जूनच्या सुरुवातीला संपते. आई-बाबा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आले आणि जूनच्या मध्याला परत गेले, तर मुक्काम चार महिन्यांच्या आत राहतो आणि प्रत्येक तारखेला कारण असतं. जूननंतर डे-केअर हवं असेल तर नावनोंदणीची चौकशी आत्ताच करा. फॉर्ममध्ये हीच मुदत लिहा. ‘सहा महिने मिळतात तर सहा लिहू’ असं बरेच जण करतात, आणि सहा महिने का, याचं उत्तर मग त्यांच्याकडे नसतं.

२०२३ ला आईंना नकार का मिळाला असेल? नकाराच्या चिठ्ठीवर २१४(बी) लिहिलं असणार. या कलमाखाली प्रत्येक अर्जदार अमेरिकेत कायमचा राहायलाच निघाला आहे असं गृहीत धरतात, आणि तसं नाही हे पटवायची जबाबदारी अर्जदाराची असते. म्हणून तुमची पगारपत्रकं, तुमचं बँक स्टेटमेंट, तुमचं घर यांनी फारसं साधत नाही. मुलगी श्रीमंत असणं हे आई परत येण्याचं कारण होत नाही. निमंत्रणपत्र आणि आय-१३४ हे खर्चाची हमी देणारं प्रतिज्ञापत्र अभ्यागत व्हिसासाठी आवश्यक नाही, असं अमेरिकेचं परराष्ट्र खातंच सांगतं. द्यायचंच असेल तर तुमचं साधं एक पानी पत्र, तुमच्या आय-७९७ ची (एच-१बी मंजुरीच्या पत्राची) प्रत आणि तुमच्या डॉक्टरांचं ड्यू डेट लिहिलेलं पत्र, एवढं पुरे.

खरं वजन सांगलीच्या घरातल्या कागदांना आहे : बाबांचा पेन्शनचा आदेश, बँकेचं पासबुक, सातबारा, घरपट्टीची पावती. मुलाखतीआधी खात्यात एकदम चार-पाच लाख भरून शिल्लक फुगवू नका. जे नेहमीचं आहे तेच राहू दे. आणि कागदांहून महत्त्वाचं ते आई-बाबांचं बोलणं. मुलाखत अनेकदा दोन-तीन मिनिटांत संपते, फाइल उघडायलाही सांगत नाहीत. आजी घरी आहे, तिचं बघायला भाऊ-वहिनी तेवढे महिने आहेत, जूनमध्ये पेरणीच्या वेळी बाबांना शेतावर असायचंय, हे तुमच्या घरातलं वास्तव असेल तर ते त्यांनी आपल्या शब्दांत सांगावं. मुंबईत मराठीत मुलाखत देता येते. इंग्रजीच्या ओझ्याखाली आईंनी ‘येस, येस’ करत बसण्यापेक्षा त्यांनी मराठीच मागावी. उत्तरं पाठ मात्र करून घेऊ नका. दोघांना बेत नीट समजावून सांगा, म्हणजे वेगवेगळं विचारलं तरी उत्तर एकच येईल.

मुलाखत लवकर मिळण्याबद्दल : तातडीची अपॉइंटमेंट गंभीर आजार, अंत्यविधी अशा कारणांसाठी असते. गरोदर नातेवाइकाला मदत करायला जाणं हे लग्न आणि पदवीदान समारंभांबरोबर, तातडीत न बसणाऱ्या कारणांमध्ये धरलं जातं. डॉक्टरांकडून गुंतागुंत असल्याचं पत्र आणून बघा, असा सल्ला कोणी दिला आणि गुंतागुंत नसेल, तर तो रस्ता धरू नका. देव न करो, पण पुढे खरंच तब्येतीचा प्रश्न उभा राहिला, तर हातातली अपॉइंटमेंट कायम ठेवून डॉक्टरांच्या पत्रासह विनंती करता येते. एरवी रद्द झालेल्या जागांवर लक्ष ठेवा, पण जपून. जानेवारी २०२५ पासून भारतात अपॉइंटमेंट फुकट बदलायची संधी एकदाच मिळते, त्यानंतर १८५ डॉलरची फी नव्याने भरावी लागते. चार दिवसांच्या फरकासाठी ती संधी घालवू नका. डिसेंबरमधली तारीख दिसली तर घ्या. सध्याच्या तारखेलाही व्हिसा मिळाला तर फेब्रुवारीचा प्रवास जमू शकतो, मात्र पासपोर्ट हातात येईपर्यंत परत न मिळणाऱ्या पैशांची तिकिटं काढू नका.

व्हिसा मिळाला तर तो बहुधा १० वर्षांचा असेल, पण एका भेटीत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. ती तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत असते. आल्या आल्या ती ऑनलाइन बघून उतरवून घ्या. तिथेही तेच प्रश्न येतील, तीच खरी उत्तरं द्यायची. अभ्यागतांना मेडिकेअर (अमेरिकी सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा) मिळत नाही, तेव्हा प्रवासी आरोग्य विमा घ्या आणि बाबांना बीपी किंवा मधुमेह असेल तर जुन्या आजारांबद्दलची कलमं खरेदीआधी वाचा.

एक कठीण शक्यता आत्ताच बोलून ठेवा. प्रत्येक अर्जाचा निर्णय स्वतंत्र असतो, म्हणजे बाबांना व्हिसा आणि आईंना पुन्हा नकार असंही होऊ शकतं. २१४(बी) च्या नकाराविरुद्ध अपील नसतं. नवा अर्ज आणि नवी फी हाच मार्ग, आणि मार्चपर्यंत त्याला वेळ पुरणार नाही. तसं झालं तर बाबा एकटे येतील का, की सासू-सासऱ्यांनी येण्याचं बघायचं? सासू-सासरे येऊ शकत असतील तर त्यांचा अर्ज आईंच्या निकालासाठी थांबवू नका. आणि पतीच्या कंपनीत रजेची चौकशी याच महिन्यात करा. वर सांगितलेली १२ आठवड्यांची रजा अटी पूर्ण होत असतील तर वडिलांनाही मिळते, आणि तारीख आधीपासून माहीत असेल तर किमान ३० दिवस आधी कंपनीला कळवावं लागतं.