मुलगी अकरा वर्षांची झाली, आता काय?
ताई, घाबरू नका. वयात येण्याच्या खुणा मुलींमध्ये ८ ते १३, मुलांमध्ये ९ ते १४ या वयात कधीही दिसू लागतात. शेजारणीच्या लेकीशी तुलना नको.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- पाळीबद्दल आधीच बोला. स्तनांची वाढ सुरू झाली की साधारण २ ते अडीच वर्षांत ती येते. दप्तरात एक पॅड आणि जादा निकर ठेवून द्या.
- झोप ९ ते १२ तास हवी. या वयात मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक, रात्री उशिरा स्रवतं, म्हणून लवकर डोळा लागत नाही. तो आळस नव्हे.
- "जाड झालीस" असं कुणीच म्हणायचं नाही, आजीनेसुद्धा.

दार आपटलं तर लगेच भांडू नका. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. बोलणं काम करता करता सहज निघतं: माझी थोरली पोळ्या लाटताना, माझ्याकडे न बघता, सगळं सांगायची.